कऱ्हाडच्या पार्सलची सही

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास ना की तुमच्याकडेही ४०१ येतोय, म्हणजे सर्व्हर ओळख पटत नाही म्हणून रिक्वेस्ट नाकारतोय, आणि समोरचे म्हणतात सिग्नेचर जुळत नाही, तेव्हा मी गाडीवर होतो, नीट बोलता आलं नाही. आणि खरं सांगू का, हे फोनवर सांगण्यासारखं नाहीच, म्हणून बसून लिहितोय. आमच्याकडे गेल्या महिन्यात हेच झालं, पाच दिवस गेले, ते तुझे जाऊ नयेत एवढीच इच्छा आहे.

आमचं काम तुला माहितीये, बचत गटाच्या बायका भाजणी, पापड, कुरडया विकतात, आमच्या ॲपवर ऑर्डर येते आणि आम्ही एका कुरिअरवाल्यांच्या एपीआयला, म्हणजे त्यांच्या सिस्टिमशी आपलं सॉफ्टवेअर बोलायची जी खिडकी असते तिला, बुकिंग पाठवतो. प्रत्येक रिक्वेस्टवर एचमॅक शा-२५६ ची सही लागते. म्हणजे दोघांकडे एकच सिक्रेट, गुप्त किल्लीच म्हण, आपण बॉडीवर, म्हणजे पाठवायच्या मजकुरावर, त्या किल्लीने सही करायची, त्यांनी आलेल्या बॉडीवर तीच सही काढून बघायची, जुळली तर आत, नाहीतर ४०१. हे एचमॅक १९९७ पासूनचं आहे, आरएफसी २१०४ नावाच्या जाहीर दस्तऐवजात दिलेलं, त्यात काही गूढ नाही. पण त्याचा स्वभावच असा की एक बिट जरी इकडचं तिकडे झालं तरी २५६ पैकी जवळपास निम्मी बिट्स बदलतात, त्यामुळे दोन सह्या शेजारी ठेवून कितीही बघत बसलास तरी चूक लहान आहे की मोठी, सुरुवातीला आहे की शेवटी, काहीही कळत नाही. मी पहिला दीड दिवस तेच केलं रे, दोन सह्या बघत बसलो.

आमची गंमत अशी होती की बहुतेक बुकिंग व्यवस्थित जात होती. आठवड्यातल्या दीडेकशे ऑर्डरींपैकी अकरा अडकल्या. कुरिअरच्या सपोर्टने सांगितलं सिक्रेट चुकलंय, नवीन काढा. काढलं. एकदा नाही, तीनदा. अरे सिक्रेट चुकलं असतं तर एकही गेली नसती ना! तरी मी तेही तपासलं, कारण फाइलमध्ये इको कमांडने सिक्रेट लिहिलं की शेवटी एक न्यूलाइन चिकटते आणि ३२ बाइटचं सिक्रेट ३३ चं होतं, डोळ्याला दिसत नाही. तू आधी तेवढी लांबी मोजून घे, मिनिटाचं काम आहे. आणि सहीची लांबीही बघ, एकीकडे ६४ अक्षरं आणि दुसरीकडे ४४ असली तर भांडण सहीचं नाहीच, एकाने हेक्समध्ये लिहिलीय आणि दुसऱ्याने बेस ६४ मध्ये, तेच बाइट्स अक्षरांत लिहायच्या या दोन पद्धती.

मग घड्याळ. टाइमस्टॅम्प सहीत असतो त्यामुळे सर्व्हरचं घड्याळ पुढेमागे असलं तरी रिक्वेस्ट परत येते, ॲमेझॉनच्या एस थ्रीला, त्या फाइली साठवायच्या सेवेला, तर १५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. पण आमची अडकलेली ऑर्डर कितीही वेळा पाठवली तरी अडकायचीच, सकाळी पाठवा, रात्री पाठवा, आणि त्याच मिनिटाला दुसरी ऑर्डर सरळ जायची. म्हणजे घड्याळ नाही. डेटातच काहीतरी आहे.

तेवढ्यात सपोर्टकडून मेल आला की तुमचे पत्ते मराठीत आहेत, ते इंग्लिशमध्ये पाठवा, सुटेल. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. ऑर्डर देणाऱ्या कितीतरी बायका आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने फोनवर पत्ता टाइप करतात, तो मराठीतच करतात, आणि आम्ही त्यांना म्हणायचं की तुमची लिपी आमच्या सहीत बसत नाही? बॉस म्हणाला तात्पुरतं करू या. मी म्हटलं मला दोन दिवस द्या, कारण मराठी पत्त्याच्या शंभरेक ऑर्डरी त्याच आठवड्यात गेल्यात, मराठी हे कारण असूच शकत नाही.

त्या रात्री मी काय केलं, ते अकरा पत्ते वहीत पेनने उतरवून काढले. स्क्रीनवर बघून डोळे शिणले होते, म्हटलं हाताने लिहू. आणि लिहिता लिहिता तिसऱ्या-चौथ्या ओळीला जाणवलं की तो आडवा अर्धा ऱ सारखा हाताखाली येतोय. कऱ्हाड. गोऱ्हे बुद्रुक. दुसऱ्या मजल्यावर. पायऱ्यांजवळचं घर. अकराच्या अकरा! पेन खाली ठेवलं आणि डेटाबेसमध्ये शोधलं, तर ऱ असलेले पण व्यवस्थित गेलेले पत्तेही सापडले, त्यातही एक कऱ्हाडचाच. एक कऱ्हाड जातंय आणि दुसरं अडकतंय, दोन्ही दिसायला सेम. झोप उडाली बघ.

मग बाइट्स काढले. सिग्नेचर अक्षरांवर होत नाही, बाइट्सवर होते, हे आपण वाचलेलं असतं पण तोवर मला ते कळलेलं नव्हतं. जे कऱ्हाड जात होतं त्यात ऱ हे एकच अक्षर होतं, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत, ई०-ए४-बी१, आणि मग हलंत. अडकलेल्यांत दोन तऱ्हा निघाल्या. काही फोनच्या कीबोर्डने साधा र, त्याखाली नुक्ता, म्हणजे ठिपका, आणि मग हलंत असं लिहिलं होतं. आणि काहींनी साधा र, हलंत आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे, म्हणजे तो न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर, ई२-८०-८डी. हे बघ, कऱ्हाड आणि कर्‍हाड, पहिलं एका पद्धतीचं, दुसरं दुसऱ्या, तुला फरक दिसतो का? युनिकोडला, म्हणजे अक्षरांना कोड देणाऱ्या मानकाला, दोन्ही मान्य आहेत, झेडडब्ल्यूजेवालं जुन्या व्हर्जनशी जुळावं म्हणून ठेवलेलं आहे. म्हणजे टाइप करणाऱ्या काकूंची काडीचीही चूक नाही.

पण वेगळे बाइट्स असले म्हणून काय झालं, आपण जे पाठवतो त्यावरच सही करतो ना? इथे समोरचा एक डेव्हलपर देवासारखा भेटला. मी त्याला लिहिलं की सिक्रेट नको, सही नको, फक्त तुमच्याकडे पोचलेल्या बॉडीची लांबी आणि तिचा शा-२५६ हॅश, म्हणजे बाइट्सवरून निघणारा ठसा, पाठवा. तासाभरात उत्तर, ६०८ बाइट. मी सही केली होती ६११ वर.

तीन बाइट. पाच दिवसांचं उत्तर तेवढ्यात होतं. नुक्ता तीन बाइटचा, झेडडब्ल्यूजेही तीन बाइटचा. वाटेत कोणीतरी तो खात होतं, आणि शोधत गेलो तर काखेत कळसा, ते आमच्याच कोडमध्ये निघालं. तीन महिन्यांपूर्वी मीच एक क्लीनर लिहिला होता, लोक व्हॉट्सॲपवरून पत्ता कॉपी करतात त्यात न दिसणारी कॅरेक्टर्स येतात आणि लेबलवर चौकोन छापले जातात म्हणून, तो एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे तुकड्यांत लिहिलेलं अक्षर एकसंध करायचा आणि सगळे झिरो विड्थ कॅरेक्टर्स काढायचा. तो बसवला होता रिक्वेस्ट पाठवायच्या अगदी शेवटच्या पायरीवर, सही झाल्यानंतर. एनएफसी र आणि नुक्त्याचा एक ऱ करतं, झेडडब्ल्यूजे तर मी उडवतच होतो. सही जुन्यावर, पाठवलं नवीन. बाकीच्या पत्त्यांना क्लीनर हातच लावत नव्हता म्हणून ते जात होते.

आणि इथे नुसतं आधी क्लीन कर मग सही कर असं करून मी मोकळा झालो असतो तर फार मोठी चूक झाली असती, हे तुला मुद्दाम सांगतोय. झेडडब्ल्यूजे काढला की कऱ्हाडचं कर्हाड होतं, ह च्या डोक्यावर रफार. सही जुळली असती, ४०१ गेला असता आणि लेबलवर मात्र बाईंच्या गावाचं नाव चुकीचं छापून गेलं असतं, कोणाला कळलंही नसतं. म्हणून आता क्लीनर सहीच्या आधी चालतो, र-हलंत-झेडडब्ल्यूजे दिसलं की आधी त्याचं ऱ-हलंत करतो, आणि देवनागरी अक्षरांच्या मधला झेडडब्ल्यूजे तसाच राहू देतो.

आता तुझं. तुमच्याकडे कोड पीएचपीत आणि समोर नोड, म्हणजे सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट, म्हणालास, तर मला आत्ताच एक शंका येतेय. जेसन म्हणजे डेटा मजकुरात लिहायची पद्धत, आणि पीएचपीचं जेसन एन्कोड काही न सांगता देवनागरीचं प्रत्येक अक्षर बॅकस्लॅश यू करून चार आकडी कोडमध्ये लिहितं आणि स्लॅशच्या आधीही बॅकस्लॅश टाकतं, जावास्क्रिप्टचं स्ट्रिंगिफाय यातलं काही करत नाही. पायथॉन तर स्वल्पविराम आणि कोलननंतर एक स्पेसही देतो. म्हणजे समोरच्यांनी जर आलेलं जेसन पार्स करून, म्हणजे उलगडून, परत स्ट्रिंग बनवून त्यावर सही काढली तर अर्थ तोच, बाइट्स वेगळे, आणि सही जुळणं शक्यच नाही. त्यांना विचार की तुम्ही रॉ, म्हणजे जशी आली तशी, बॉडीवर सही काढता का पार्स केलेल्यावर, एक्सप्रेस या नोडच्या फ्रेमवर्कमध्ये रॉ बॉडी मुद्दाम पकडून ठेवावी लागते, पुष्कळांचं तिथेच चुकतं. आणि तू तुझ्याकडे बॉडी एकदाच बनव, तिचे बाइट्स एका व्हेरिएबलमध्ये ठेव, त्याच बाइट्सवर सही आणि तेच बाइट्स रवाना, मध्ये कुठलीही लायब्ररी परत जेसन बनवणार नाही एवढं बघ.

यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हापुढे येणारे क्वेरी पॅरामीटरही सहीत असतील तर स्पेस बघ. पीएचपीत यूआरएल एन्कोड स्पेसचं अधिकचं चिन्ह करतं आणि रॉ यूआरएल एन्कोड %२० करतं, समोरच्यांना बहुतेक %२० हवं असतं. यात माझं काही गेलं नाही म्हणून जास्त लिहीत नाही.

एक मात्र मनापासून वाटतं, सही जुळली नाही की समोरच्याने कशावर सही काढली ते सांगायलाच हवं. एस थ्री सांगतो बघ, त्यांच्या एररमध्ये स्ट्रिंग टू साइन, म्हणजे ज्यावर सही काढली तो मजकूर, आणि तिचे बाइट्स दोन्ही येतात, तू तुझ्याशी ताडून घे, दहा मिनिटांत काम. त्यात सिक्रेट कुठेच नसतं, म्हणजे उघड होण्यासारखं काही नाही. आम्ही आमच्या एपीआयला आता तसंच केलंय, निदान बॉडीची लांबी आणि हॅश परत देतो, कारण आमच्याशी जोडून घेणारी पोरं बहुतेक एकटीच काम करणारी असतात, त्यांना विचारायला कोणी नसतं.

कऱ्हाडच्या त्या काकूंची तीन किलो भाजणी शेवटी सहाव्या दिवशी निघाली. लेबलचा फोटो मागवला होता मी गोडाऊनमधून, मोठा करून बघितला, ऱ जागेवर होता. तो फोटो अजून फोनमध्ये आहे, भेटलो की दाखवतो.

तू आज रात्री फक्त एवढं कर, एका फेल झालेल्या रिक्वेस्टची सही करतानाची बॉडी हेक्समध्ये काढ, समोरच्यांकडून त्यांच्याकडे पोचलेल्या बॉडीची लांबी आणि हॅश माग, आणि दोन्ही मला पाठव. सिक्रेट पाठवू नकोस, मलाही नको. मी जागाच आहे बारापर्यंत.

वहिनींना नमस्कार सांग, पिल्लूला पापा.

तुझाच,
मी