गर्दीला कौल म्हणू नका : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

नव्या भव्य शॉपिंग सेंटरच्या उद्घाटनाबद्दल आपले अभिनंदन करणारी पत्रे आपल्या कार्यालयात पुष्कळ आली असतील. हे पत्र त्या गठ्ठ्यात ठेवू नये, एवढी पहिली विनंती. पत्र माझे असले तरी लिहिते आहे माझी नात, कारण माझे उजवे मनगट मोडलेले असून हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे; आणि ते मनगट आपण फीत कापलीत त्याच संध्याकाळी, फीत कापलीत त्या जागेपासून शंभर पावलांवर मोडले.

घडले ते असे. बसथांब्यावरून घरी यायच्या ज्या रस्त्याने मी बावीस वर्षे चालते आहे, त्या रस्त्याचा पदपथ या इमारतीची वीजवाहिनी टाकण्यासाठी खोदला गेला आणि तेव्हापासून तो तसाच उघडा आहे. उद्घाटनाला आलेल्या गर्दीतून आपल्या गाड्यांच्या ताफ्याला वाट करून देताना पोलिसांनी आम्हा सगळ्यांना ‘कडेला व्हा, कडेला व्हा’ म्हणून सारले. आम्ही कडेला झालो. कडेला पदपथ नव्हता, चर होता. माझ्यामागून आणखी दोघे त्यात उतरले, पण ते तरुण होते, त्यांचे फक्त कपडे मळले. मला वर काढले ते त्या इमारतीच्या दाराशी उभ्या असलेल्या एका सुरक्षारक्षकाने. रुग्णवाहिका बोलावली होती, परंतु ती येण्याचा रस्ता आणि गर्दी येण्याचा रस्ता एकच असल्यामुळे मी शेवटी पन्नास मिनिटांनी कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून, मोडलेला हात मांडीवर धरून रुग्णालयात गेले. वय सदुसष्ट.

आता आपल्या शब्दाबद्दल. भूमिपूजनाच्या वेळी आपण जाहीर भाषणात सांगितले होते की पदपथ, पादचारी पूल आणि सार्वजनिक उद्यान ही तिन्ही कामे आधी पूर्ण होतील आणि तोवर आपण उद्घाटनाची फीत कापणार नाही. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केले, कात्रणे ठेवायची सवय जात नाही. ते कात्रण माझ्यासमोर आहे. पदपथाचे सांगितलेच. पुलाचे दोन खांब उभे आहेत, त्यांना जिना नाही आणि त्यांच्यावर पूलही नाही, त्यामुळे सध्या ते आपल्या स्वागताचा फलक बांधण्याच्या कामी येतात. उद्यानाच्या जागी ‘नियोजित उद्यान’ अशी पाटी आहे आणि पाटीभोवती मोटारी उभ्या असतात. फीत तेवढी वेळेवर कापली गेली.

हेही मी कदाचित गिळले असते. न गिळता आले ते आपले पुढचे वाक्य. पहिल्या आठवड्यात चार लाख लोक आले आणि ‘ही गर्दी हाच जनतेचा कौल आहे’, असे आपण म्हणालात. चार लाख कुणी मोजले ते ठाऊक नाही, पण आम्ही घरी भागाकार करून पाहिला : दिवसाला सत्तावन्न हजार, दार बारा तास उघडे, दारे चार, म्हणजे सकाळी कुलूप काढल्यापासून रात्री लावेपर्यंत प्रत्येक दारातून मिनिटाला जवळजवळ वीस माणसे अखंड आत जात राहिली पाहिजेत. मी स्वतः खिडकीतून वीस मिनिटांत 163 मोटारी मोजल्या. मध्ये फोन आला होता, तेव्हा पाच-दहा इकडेतिकडे झाल्या असतील. आपल्या आकड्यापेक्षा माझा आकडा तरी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

पण गर्दी होती, हे मी नाकारत नाही. ती का होती, हे मी पाहिले आहे, कारण हात बांधलेल्या अवस्थेत चौथ्या दिवशी मीही आत गेले. नातीने हट्टाने नेले, आणि ती इथे मला टोकते आहे की ‘तुला आवडले होते, तेही सांग’. सांगते. आत गारवा होता, फरशी सपाट होती, बसायला बाके होती आणि स्वच्छतागृह स्वच्छ होते. माझ्या वयाच्या बाईला या शहरात घराबाहेर दोन तास काढायचे असतील तर यांतली एक तरी सोय कुठे आहे, ते आपण नकाशावर बोट ठेवून दाखवावे. माझ्याशेजारी बाकावर बसलेल्या चौघांपैकी कुणाच्याही हातात पिशवी नव्हती. एक आजोबा रोज दुपारी तिथे येऊन वर्तमानपत्र वाचतात, दोन मुली परीक्षेचा अभ्यास करत होत्या, एक आई बाळाला निजवत होती. ही माणसे तिथे खरेदीला आली नव्हती. आपल्या खात्याने शहरात कुठेही जे बांधले नाही ते शोधत आली होती. त्यांची मोजदाद करून आपण तिला कौल म्हणता! तहानलेली माणसे एकाच नळाशी जमली म्हणून नळाच्या मालकाचा सत्कार करावा, तसे हे झाले.

आपण भाषणात या इमारतीला ‘आधुनिक नगररचनेचा नमुना’ म्हणालात, म्हणून थोडा इतिहास. हा नमुना ज्याने घडवला तो व्हिक्टर ग्रुएन नावाचा वास्तुरचनाकार मूळचा व्हिएन्नाचा. 1938 मध्ये नाझींमुळे देश सोडून तो अमेरिकेत गेला, आणि मिनेसोटा राज्यातील एडायना येथे 1956 मध्ये त्याने रचलेले साउथडेल हे पूर्णपणे बंदिस्त, वातानुकूलित शॉपिंग सेंटर उघडले. त्याच्या आराखड्यात दुकानांच्या भोवती घरे होती, शाळा होत्या, दवाखाना होता, बाग आणि तळे होते. मोटारींवर विसंबून विस्कटलेल्या उपनगराला एक चौक मिळावा, ही त्याची कल्पना होती. प्रत्यक्षात झाली ती दुकाने आणि त्यांच्याभोवती वाहनतळ. उत्तरायुष्यात तो व्हिएन्नाला परतला आणि जगभर उभ्या राहिलेल्या या इमारतींशी आपला संबंध आहे असे म्हणायला त्याने साफ नकार दिला. महोदय, कर्त्यानेच ज्या नमुन्याचे पितृत्व नाकारले तो आपण दत्तक घेतलात, आणि त्यातही बाग आणि पदपथ नेमके वगळून घेतलात.

‘आमच्या लोकांना चौक मिळाला’ असे आपले कार्यकर्ते सांगतात. तो चौक कसला आहे, हेही मला कळले. पदपथासाठी सह्या गोळा कराव्यात म्हणून सहाव्या दिवशी मी कागद घेऊन आतल्या त्याच बाकावर बसले. अकरा सह्या झाल्या आणि सुरक्षारक्षक आला. तोच, ज्याने मला चरातून काढले होते. तो अतिशय ओशाळून म्हणाला, ‘आजी, इथे चालत नाही हे. माझी नोकरी जाईल.’ आपण ज्या हजारो नोकऱ्यांचे आकडे देता त्यांतली ही एक : कंत्राटी, बारा तासांची, बसायला स्टूल नाही. मी उठले. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता.

हे आमच्याच शहरात घडते असे नाही. इंग्लंडमधील वॉशिंग्टन या नगराचे मुख्य केंद्र सरकारी महामंडळाने बांधले आणि नंतर खासगी मालकाला विकले. तिथल्या रहिवाशांना खेळाच्या मैदानावरील बांधकामाविरुद्ध त्या केंद्रात सह्या घ्यायच्या होत्या, मालकाने मनाई केली, आणि 2003 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निर्णय दिला की त्यांच्या हक्काचा भंग झालेला नाही, कारण म्हणणे मांडण्याचे इतर मार्ग त्यांना मोकळे होते. त्यांना निदान इतर मार्ग होते. माझा इतर मार्ग म्हणजे दाराबाहेरचा रस्ता, आणि तिथे उभे राहायला चर आहे.

आता ज्यांच्या सहीने हे सारे होते त्यांच्याकडे वळते. पदपथ नाही, पूल नाही, उद्यान नाही, तरी इमारत वापरण्यास योग्य असल्याचा दाखला मिळाला. कुणीतरी जागेवर जाऊन, पाहून, सही केली असणार; किंवा न पाहता केली असणार. दोन वर्षांपूर्वी हरकती मागवल्या तेव्हा मी सहा पाने लिहून दिली होती. सुनावणी कामाच्या दिवशी दुपारी ठेवली, सभागृहात आम्ही सातजण आणि मंचावर नऊजण होतो, आणि माझ्या सहा पानांचे उत्तर म्हणून आजतागायत माझ्याकडे आवक शिक्का मारलेली पोच आहे. दाखला देणाऱ्यांनी डोळे मिटले की काय होते याचे टोकाचे उदाहरण सोल शहराने पाहिले आहे. तिथे सॅम्पूंग या बहुमजली दुकानाची इमारत मूळ आराखड्यात बदल करून, वर पाचवा मजला चढवून उभी राहिली, आणि 29 जून 1995 रोजी ती कोसळून 502 माणसे गेली. पुढे लाच घेऊन त्या बदलांकडे दुर्लक्ष केल्याबद्दल शहराच्या अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. आमची इमारत पडेल असे मी म्हणत नाही. ती भक्कम दिसते. पण जो हात नसलेल्या पदपथाला ‘आहे’ म्हणतो, त्याच हाताने जिने आणि आग विझवण्याची यंत्रणा तपासली आहे, हे आठवले की मला तिथल्या गारव्यातही घाम येतो.

आणि हे एका खात्याचे दुखणे नाही. आराखडा मंजूर करणारा वेगळा, रस्ता खोदणारा वेगळा, तो बुजवणारा अजून नेमायचा आहे. मी चार कार्यालयांत गेले. प्रत्येकाने अतिशय सभ्यपणे पुढच्या कार्यालयाचा मजला सांगितला. चौथ्याने पहिल्याचा सांगितला. एका माणसाला चालता यावे एवढी जागा कुणाच्या अखत्यारीत येते हे कुणालाच ठाऊक नाही, पण मोटारी आत वळण्यासाठी रस्ता रुंद करायचा असला की सगळ्या सह्या एका महिन्यात होतात.

माझ्या मागण्या फार नाहीत. चर बुजवा. पुलाला जिना लावा. उद्यानाच्या जागेवरील मोटारी हटवा आणि तिथे चार बाके आणि एक स्वच्छतागृह बांधा, ज्याच्या दारात सह्या मागितल्या तर कुणाची नोकरी जाणार नाही. दाखल्यावर कुणाची सही आहे, ते नाव जाहीर करा.

सोबत 214 सह्या जोडल्या आहेत. पहिल्या अकरा आतल्या आहेत, उरलेल्या रस्त्यावर उभे राहून घेतलेल्या. माझी सही डाव्या हाताची असल्यामुळे वाकडी आली आहे. प्लास्टर तीन आठवड्यांनी निघणार आहे आणि त्यासाठी मला रुग्णालयात त्याच रस्त्याने चालत जायचे आहे, एवढे आपल्या माहितीसाठी.

आपली,
चराशेजारी राहणारी एक नागरिक