दादा, आ-हा म्हणजे एका गाण्याचा बँड नव्हे

ओस्लो

ती. दादास,
शि. सा. न.

रविवारी फोनवर तू "तुझा तो एका गाण्याचा बँड" म्हणालास आणि मागून आई हसली, ते ऐकलं मी. फोनवर तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हरायला लागलास की "बरं, थंडी काय म्हणते" करून सटकतोस. म्हणून लिहितोय. पूर्ण वाच, मग जा मामलेदारला मिसळ खायला.

'आ-हा' हा इथला, नॉर्वेचा पॉप बँड. त्यातले दिसायला चिकणे होते, मान्य. चरईत समोरच्या ताईने त्यांच्या गायकाचं, मॉर्टन हार्केटचं पोस्टर उगाच नव्हतं लावलं. पण तू पेटी वाजवणारा माणूस, म्हणून तुझ्या भाषेत सांगतो. 'टेक ऑन मी'चं धृपद हार्केट खर्जातल्या षड्जावर उचलतो आणि चढत चढत शेवटी तार सप्तकातल्या पंचमाला जाऊन भिडतो. अडीच सप्तकं, एका धृपदात! गडकरी रंगायतनला कुणी असा पंचम लावला असता, तर पहिली दाद तुझीच असती.

आणि हे गाणं काही सहज वर गेलेलं नाही. त्याची ती कीबोर्डवरची सुरावट बँडमधल्या मॅग्ने फुरुहोल्मेनने शाळकरी वयात बसवलेली. १९८४ साली रेकॉर्ड आली, आपटली. अ‍ॅलन टार्नी या निर्मात्याकडून नव्याने करून घेतली, तीही आधी आपटलीच. मग दिग्दर्शक स्टीव्ह बॅरनने तो पेन्सिलच्या चित्रांचा व्हिडिओ केला. मायकल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर यांनी सोळा आठवडे खपून सुमारे ३,००० चित्रं काढली, आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर. आपल्याला तो व्हिडिओ दिसला थेट केबल आल्यावर. तोवर माझ्यापाशी होती नौपाड्यातून भरून आणलेली कॅसेट, जिच्या बी साइडवर तू मला न विचारता अभिषेकीबुवा भरलेस. अजूनही 'हंटिंग हाय अँड लो' संपत आलं की माझ्या डोक्यात तंबोरे लागतात.

राहिलं 'एक गाणं'. ब्रिटनमध्ये 'टेक ऑन मी' दुसऱ्या नंबरावरच अडकलं. पहिल्यावर गेलं ते 'द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही', जानेवारी १९८६ मध्ये. १९८७ चं बाँडपटाचं गाणं त्यांचंच. १९९१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्यांना ऐकायला १,९८,००० माणसं आली, गिनीज बुकात नोंद आहे. अमेरिका विसरली म्हणून सगळं जग विसरलं होय रे?

मला मात्र त्यांच्यात आवडतं ते उदासपण. बरीचशी गाणी बँडमधल्या पॉल वॉकटारने लिहिलेली. तो आणि मॅग्ने इथल्या मांगलेरूडचे, मी मुद्दाम जाऊन आलो. हमरस्ता, मेट्रोचं स्टेशन, एकसारख्या इमारती. आपलं वर्तकनगरच, फक्त रिक्षा नाहीत. डिसेंबरात इथे सव्वातीनलाच सूर्य मावळतो. तशा वेळी कामावरून येताना 'स्टे ऑन दीज रोड्स' कानात असलं की स्टेशन आलं तरी उठवत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये हार्केटने स्वतःच जाहीर केलं की त्याला पार्किन्सन्स आहे आणि आवाजालाही त्रास होतोय. वाचून फार वाईट वाटलं.

त्यांची २०१७ ची गिस्के बेटावरची मैफल नेटवर आहे, तिथे 'टेक ऑन मी' अगदी विलंबित घेतलंय. इयरफोन लावून ऐक, तुझ्या त्या मोबाइलच्या स्पीकरवर नको. आणि मग पेटीवर पकडून बघ. पंचमाला पोचलास तर रेकॉर्ड करून पाठव, नाही पोचलास तरी पाठव.

वहिनींना सांग, थालीपिठाची भाजणी संपत आलीय, कुणी येणारं असेल तर दोन किलो द्या. आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते तू फोनवर बोललाच नाहीस, ते आधी कळव.

तुझा,
बंड्या