ट्रान्सप्लांटची घाई करू नकोस

प्रिय निखिल,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचला. डिसेंबरात लग्न, म्हणून ऑक्टोबरात हेअर ट्रान्सप्लांट उरकून घ्यायचं म्हणतोस. कृपा करून तसं करू नकोस. लावलेले केस दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात. मुळं आत शाबूत असतात, पण नवे केस दिसायला तीन-चार महिने आणि नीट भरायला वर्ष लागतं. मांडवात तू आजच्यापेक्षा विरळच दिसशील.

त्याहून मोठा प्रश्न वयाचा. ऑपरेशनने नवे केस तयार होत नाहीत. डोक्यामागचे उचलून पुढे लावतात, कारण टक्कल पाडणाऱ्या डीएचटी हार्मोनचा त्यांच्यावर सहसा परिणाम होत नाही. पण ही ठेव एकदाच मिळते. सत्ताविसाव्या वर्षी हेअरलाइन खाली आणून ती खर्च केलीस आणि मधलं टक्कल पसरत गेलं, तर भरायला केस आणणार कुठून? आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. मिनॉक्सिडिल, फिनास्टराइडने गळती बरीच आटोक्यात येते, आणि ऑपरेशननंतरही औषधं बहुधा चालूच ठेवावी लागतात. फिनास्टराइडमुळे काहींना लैंगिक तक्रारी होतात, त्याबद्दल न लाजता विचार.

तू पाठवलेली ती 'एकाच दिवसात हवे तेवढे ग्राफ्ट' (म्हणजे मुळासकट उचललेले केसांचे छोटे पुंजके) वाली जाहिरात पाहून मला धडकीच भरली. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या व्यावसायिकाने एकाच बैठकीत ९,००० हून जास्त ग्राफ्ट लावून घेतले आणि नंतर तीव्र रिअ‍ॅक्शन येऊन तो गेला. कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून हे ऑपरेशन शिकता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२२ मध्ये बजावावं लागलं. म्हणून क्लिनिकमध्ये स्पष्ट विचार: भूल कोण देणार, छेद कोण घेणार, डॉक्टर शेवटपर्यंत खोलीत असणार का, रिअ‍ॅक्शन आली तर काय सोय आहे? 'आमची टीम करते' एवढंच उत्तर आलं तर उठून ये.

माझ्या स्वतःच्या ट्रान्सप्लांटच्या वेळी मला सगळ्यात जास्त दुखली ती भुलीची इंजेक्शनं. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली, पापण्या उघडेनात. आई घाबरली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मला धीर होता. असं आधी सांगणारा डॉक्टर शोध.

गेल्या दोन-तीन वर्षांतले कपाळ नीट दिसणारे फोटो काढून ठेव. केस किती वेगाने मागे गेले ते त्यावरून कळतं. माझ्या डॉक्टरांची वेळ घेतो, मीही येतो बरोबर. तोवर कुठेही ॲडव्हान्स भरू नकोस.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
मंदार