सही करण्याआधी वही वाचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नर्सिंग ट्यूटर म्हणून माझी पंचवीस वर्षं मराठवाड्यातल्या वॉर्डांमध्ये शिकाऊ नर्स मुलींच्या पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रशिक्षण, सांभाळण्यात गेली. त्यांच्या कामाच्या नोंदवहीवर, म्हणजे लॉगबुकवर, सह्या किती केल्या याची गणती नाही. ‘या पोस्टिंगमधून मला खूप शिकायला मिळाले’ हे वाक्य एकीनं लिहिलं, की चाळीस वह्यांत उतरायचं. डॉक्टरकीच्या अभ्यासक्रमातही २०१९ पासून अनुभवावर चिंतन लिहायला सांगतात. तिथंही उतरवण्याची साथ असल्याचं माझी भाची सांगते.

एकदा दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीसमोर फडावरून आणलेली ऊसतोड बाई दगावली. पोरगी तीन दिवस मेसला गेली नाही. मी तिला साधी वही दिली, म्हटलं, तुझ्या बोलीत लिही. तिनं लिहिलं, ‘तिच्या लेकरानं इचारलं, माय उठंल का? अन् म्या बीपीचं मशीन गुंडाळीत बसले.’ तिला बाईच्या मरणापेक्षा हे जास्त टोचत होतं. पोर्शनमधल्या कोणत्या प्रकरणात मी ते शोधणार होते?

मग अनुभवावर चिंतन करण्याच्या ग्रॅहॅम गिब्स यांच्या १९८८च्या पद्धतीतले प्रश्न घेऊन आम्ही दोघी बसलो: काय घडलं, मनात काय आलं, बरं काय, चुकलं काय, असं का झालं, आणखी काय करता आलं असतं, पुढच्या वेळी काय करशील. ‘लेकराजवळ बसले असते’ हे उत्तर तिचं तिलाच सापडलं. पुढच्या महिन्यात लहान मुलांच्या वॉर्डात एका रडणाऱ्या आईशेजारी ती स्टूल ओढून बसलेली मी पाहिली.

उलटंही पाहिलंय. एका संस्थेत एकीनं इंजेक्शनआधी औषधाचं लेबल पुन्हा तपासायचं राहिल्याचं प्रामाणिकपणे लिहिलं. वही थेट ऑफिसात गेली, तिला मेमो मिळाला. त्या बॅचनं पुन्हा खरं काही लिहिलं नाही. रुग्णाला धोका असेल तर चूक लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगायलाच हवी, पण शिकण्यासाठीची वही शिक्षेचा पुरावा झाली की संपलंच.

म्हणून या वहीला गुण नकोत, इंग्रजीची सक्ती नको. रुग्णाचं नाव, बेड नंबर त्यात येऊ नये. आणि ट्यूटरनं शेरा लिहावा, नुसती सही नको. एवढ्या मुलींच्या वह्या वाचायला वेळ कुठून आणायचा, असं माझ्या जुन्या सहकारी विचारतील. दर पोस्टिंगला एक केस स्टडी कमी करा. तीही उतरवलेलीच असते.

आपली,
एक निवृत्त नर्सिंग ट्यूटर, अंबाजोगाई