निळ्या टी-शर्टाची दोन टोकं धरणाऱ्या बाईंना

बाई,

तुमचं नाव मी विचारलं नाही आणि तुम्हीही माझं विचारलं नाहीत. शाळेत आवडत्या शिक्षिकेला आम्ही बाई म्हणायचो, म्हणून तुम्हालाही तेच म्हणते. तुम्हाला मराठी येत नाही, हे माहीत आहे. पण इंग्रजीत लिहायला बसलं की दोन ओळींत आटोपतं. आणि ज्यांनी हे पत्र वाचायला हवं, त्यातले बरेचजण मराठीच वाचतात.

एप्रिलमध्ये विद्यापीठाच्या हिरवळीवर तुम्ही लोकांनी दोरी बांधून टी-शर्ट टांगले होते. खरं सांगू? मला वाटलं, जुने कपडे स्वस्तात विकायला काढलेत. चांगला सदरा मिळतोय का बघायला आले, तर प्रत्येकावर अत्याचार सोसलेल्या कोणीतरी हातानं लिहिलेलं काहीतरी. १९९० मध्ये तुमच्याच मॅसॅच्युसेट्समधल्या हायॅनिस गावात बायकांनी असे ३१ शर्ट पहिल्यांदा टांगले, हे मी नंतर वाचलं. कपडे वाळत घालता घालता शेजारणी मनातलं बोलतात, त्यावरून ती दोरी सुचली म्हणे. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मिरजेला आमच्या वाड्यात निम्म्या गावाच्या बातम्या दोरीपाशीच कळायच्या. फक्त ही एक बातमी तिथं कधी निघाली नाही.

टेबलावर रंगांचा तक्ता चिकटवला होता. जीव गेलेल्यांसाठी पांढरा, घरात मारहाण सोसलेल्यांसाठी पिवळा, बलात्कार झालेल्यांसाठी लाल, गुलाबी, नारिंगी. लहानपणी अत्याचार झालेल्यांसाठी निळा आणि हिरवा. मी निळा उचलला. म्हणजे तोंडातून शब्द न काढता सगळं सांगून झालं होतं. तुम्ही मार्कर पुढे केलात आणि म्हणालात, तुझ्या भाषेत लिही.

कापडावर लिहायची सवय नाही. टोक अडकायचं, कापड गोळा व्हायचं. तेव्हा तुम्ही उठून समोर आलात, शर्टाची दोन टोकं धरून ताणलीत आणि मान वळवून पार्किंगकडे बघत राहिलात. माझं लिहून होईपर्यंत तशाच उभ्या होतात. अक्षर ओळखीचं नाही, बघितलं असतं तरी काही कळलं नसतं. तरी बघितलं नाहीत. बाई, या एवढ्याशा गोष्टीसाठी हे पत्र आहे.

कारण माना वळवणारे मी भरपूर पाहिलेत. चौथीत होते तेव्हा मी घरात सांगितलं होतं, ज्याच्याबद्दल सांगितलं तो काका बाहेर ओसरीवर चहा पीत होता. आजी म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. बाकीच्यांनी पोरीच्या मनाचे खेळ म्हणून सोडून दिलं. पुढे दादाच्या लग्नात त्याच माणसाला मानाचा टॉवेल-टोपी देऊन आहेर केला आणि मला त्याच्या पाया पडायला लावलं. मोठी झाल्यावर ज्या डॉक्टरकडे गेले, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तेव्हाच का नाही बोललीस?" फी मात्र आधीच घेतली होती.

या सगळ्यांनी मान वळवली ती स्वतःला त्रास नको म्हणून. तुम्ही वळवलीत ती मला मोकळं लिहिता यावं म्हणून, आणि तेवढा वेळ कापड हातातून सोडलं नाहीत.

अशी माणसं आमच्याकडे नाहीत असं मात्र नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, तेच मथुरा प्रकरण. अंगावर जखमा नाहीत, अशी कारणं देऊन सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये दोघा पोलिसांना सोडून दिलं. तेव्हा उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी १९७९ मध्ये थेट सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. आता कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालय तिचा शब्द धरून चालतं. त्या चौघांची ती मुलगी कोण लागत होती? तुमची तरी मी कोण होते?

मी काय लिहिलं ते तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून आपणहून सांगते. "मी खोटं बोलत नव्हते." एवढंच. नाव नाही, गाव नाही. दोरीवर दोन लाल शर्टांच्या मध्ये तो लावला, तेव्हा मी फोन काढून त्याचा फोटो घेतला. ज्या गोष्टीपायी घरच्या एकाही समारंभात मला ताठ उभं राहता आलं नाही, तिचा फोटो मी अगदी हौसेनं काढत होते. दोन अनोळखी मुली थांबल्या आणि अक्षर सुंदर आहे म्हणाल्या. मला चक्क अभिमान वाटला, अक्षराचाही.

शर्ट तुमच्याकडेच राहू दे, दरवर्षी लावा. पुढच्या एप्रिलमध्ये मी इथंच असले तर टोकं धरायला येईन. मार्कर मात्र नवे आणा, बाई. त्या सुकलेल्या मार्करनं वेलांटी उमटता उमटत नव्हती.

तुमची,
निळ्या शर्टवाली