हवामानाच्या नकाशाची रंगपट्टी एकच ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात हवामानाचा रंगीत नकाशा रोज येतो, तो मी आवर्जून पाहतो. वर्तमानपत्रांतली ही प्रथा जुनी आहे. लंडनच्या ‘द टाइम्स’ने १ एप्रिल १८७५ रोजी ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी तयार केलेला आदल्या दिवशीच्या हवेचा नकाशा छापला होता. आज तेच काम सॉफ्टवेअर काही क्षणांत करते, आणि म्हणूनच काही गोष्टी माणसाने ठरवून द्याव्या लागतात. मी स्वतः असे नकाशे काढतो, त्यामुळे हे कळकळीने लिहीत आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट रंगपट्टीची, म्हणजे कोणता रंग कोणत्या आकड्याचा हे सांगणाऱ्या पट्टीची. आपण काहीच सांगितले नाही, तर नकाशा काढणारी बहुतेक सॉफ्टवेअर त्या दिवसाचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा घेतात आणि सगळे रंग त्या दोहोंमध्ये ताणून बसवतात. मग मुसळधार पावसाच्या दिवशी १५० मिलिमीटरला जो गडद लाल मिळतो, तोच जवळपास कोरड्या दिवशी १२ मिलिमीटरलाही मिळतो. आपल्या नकाशात हेच होताना दिसते. कालचा आणि आजचा नकाशा शेजारी ठेवून पाहणाऱ्याची यात सरळ फसगत होते. रंगांच्या सीमा एकदा ठरवून वर्षभर त्याच ठेवाव्यात. त्या समान अंतरावरही नसाव्यात, कारण थोडा पाऊस पुष्कळ ठिकाणी पडतो आणि फार मोठा मोजक्याच ठिकाणी. १, ५, १०, २५, ५०, १००, २०० अशा वाढत जाणाऱ्या पायऱ्या ठेवल्या, तर रिमझिम आणि अतिवृष्टी दोन्ही वेगळ्या दिसतात. सरासरीपेक्षा कमी-जास्त दाखवायचे असेल, तर मात्र शून्य मधोमध आणि दोन बाजूंना दोन वेगळे रंग हवेत.

इंद्रधनुषी रंगसंगती टाळावी, हीही विनंती. तिच्या मध्यावरचा पिवळा इतका उजळ असतो की, आकडे हळूहळू बदलत असतानाही तिथे सीमारेषा असल्यासारखी वाटते. शिवाय ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यांच्यासाठी असा नकाशा निरुपयोगी ठरतो. आलेख-नकाशे काढण्यासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘मॅटप्लॉटलिब’ या सॉफ्टवेअरने २०१७ मध्ये, आपण काहीच सांगितले नाही तर वापरायची रंगसंगती म्हणून ‘जेट’ या इंद्रधनुषी रंगसंगतीऐवजी ‘व्हिरिडिस’ निवडली. ‘व्हिरिडिस’मध्ये उजळपणा एकाच दिशेने वाढत जातो.

थरांचेही तसेच आहे. ढगांच्या उपग्रहचित्रावर पावसाचा अर्धपारदर्शक थर, त्यावर समदाब रेषा (हवेचा सारखा दाब असलेली ठिकाणे जोडणाऱ्या) आणि वाऱ्याचे बाण असे सगळे एकत्र आले की डोळा कुठे ठरत नाही. खरा घोटाळा पारदर्शकतेमुळे होतो. खालच्या ढगांचा पांढरा रंग वरच्या पावसात मिसळतो आणि नकाशावरचा रंग पट्टीवरच्या रंगाशी जुळतच नाही. त्यातून अवरक्त (इन्फ्रारेड) उपग्रहचित्रात ढगमाथ्याचे तापमान दिसते, पाऊस नव्हे. उंचावरचे विरळ, थंड ढगही त्यात पांढरे दिसतात आणि त्यांच्याखाली जमीन कोरडी असू शकते. म्हणून एका नकाशात एकच रंगीत थर असावा. किनारा आणि सीमा सर्वांत वर, बारीक रेघेने काढाव्यात. बाण विरळ करावेत.

लहान प्रदेश दाखवताना प्रक्षेपणाने, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीने, फार बिघडत नाही. जगाचा नकाशा असेल, तर मर्केटर हे प्रक्षेपण नको. त्यात ६० अंश अक्षांशावरचे क्षेत्र विषुववृत्ताच्या तुलनेत चौपट दिसते, आणि पाऊस किती भूभागावर पडला हेच तर वाचकाला पाहायचे असते. तिथे समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळांचे प्रमाण कायम राखणारे प्रक्षेपण वापरावे.

आणखी एक. हवामानाचा अंदाज वर्तवणाऱ्या अनेक जागतिक संगणकीय मॉडेलांच्या आकड्यांत दोन बिंदूंमधले अंतर १० ते ३० किलोमीटर असते. तोच नकाशा एका शहरापुरता मोठा करून रंग गुळगुळीत केले की, गल्लीगल्लीचा अंदाज असल्याचा भास होतो. तितके जवळ जाऊच नये, किंवा गेलात तर त्या बिंदूंचे मूळ चौकोन दिसू द्यावेत.

नकाशाखाली एक ओळ कायमची द्यावी : आकडे मोजलेले की अंदाजाचे, कोणाकडून घेतलेले, किती तासांचे, आणि वेळ स्थानिक की जागतिक प्रमाणवेळ. जागा अपुरी पडली, तर वाऱ्याचे बाण गाळा, पण ही ओळ आणि रंगपट्टी गाळू नका.

आपला,
एक नियमित वाचक