रविवारची तागडगाव भेट – सभासदांसाठी सूचना

मंडळी, येत्या रविवारी तागडगावचं (ता. शिरूर कासार) सर्पराज्ञी वन्यजीव पुनर्वसन केंद्र बघायला जायचंय. सकाळी ७ ला बीड बसस्थानकासमोर या. गाडी कुणासाठीच थांबणार नाही.

तिथले प्राणी जखमी, विहिरीत पडलेले, आईपासून तुटलेले असतात. म्हणून:

- खायला काही टाकू नका. मागच्या सहलीत एकानं माकडाला चिवडा दिला, पुन्हा नको.
- फ्लॅश, शिट्ट्या, आरडाओरडा बंद. घुबडं दिवसा झोपतात.
- पिल्लाला हात लावायचा हट्ट नको. माणसाळलं की जंगलात सोडता येत नाही.

भाकरी-ठेचा आपापला आणा.

आणि हो, घरी चांदणी कासव पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. जखमी प्राणी दिसला तर वनविभागाला १९२६ वर कळवा. नावं शुक्रवारपर्यंत द्या.